बैलाला वाट मिळाली, मग नागाला का नाही?

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजायची प्रथा होती, तिच्यावर आता बंदी आहे. प्रश्न तिथल्याच एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "बैलगाडा शर्यतीवर सुप्रीम कोर्टाची बंदी होती, तरी राज्याने कायदा केला आणि शर्यती सुरू झाल्या. मग आमच्या नागपंचमीसाठी विधानसभा तसाच कायदा का करत नाही? केंद्र आडवं येतंय की राज्यालाच करायचं नाही?"

मी तीस वर्षं सांगलीत वकिली करतो. बैलांची प्रकरणं बरीच चालवली, नागाची मोजकी. शर्यतीचे शौकीन आणि प्राणीमित्र, दोघेही माझ्या ऑफिसात चहा पिऊन गेलेले आहेत. उत्तर एका ओळीत हवं असेल तर ते असं: राज्य कायदा करू शकतं, पण तो चालणार की नाही हे मुंबईत ठरत नाही, आणि बैलासाठी जी वाट सापडली ती नागासाठी बरीच अरुंद आहे. घाई असेल त्यांनी इथे थांबायला हरकत नाही.

आधी बैल अडकला कसा ते बघू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, संसदेने केलेला. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत: एक केंद्राची, एक राज्याची, तिसरी समवर्ती, म्हणजे दोघांच्या सामाईक बांधावरची. प्राण्यांवरची क्रूरता या तिसऱ्या यादीत सतराव्या नोंदीवर बसते. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने याच कायद्याखाली एक अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्यात बैलाचं नाव घातलं. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि त्यांच्या पंगतीला आपला खिल्लार बैल! त्या एका शब्दाने पुढची दहा वर्षं सातारा-सांगलीची मैदानं ओस पाडली. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू, म्हणजे तमिळनाडूतला बैलाला कवेत धरण्याचा खेळ, आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केल्या.

त्या निकालातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तमिळनाडूने २००९ मध्येच जल्लीकट्टूचं नियमन करणारा स्वतःचा कायदा केला होता. कोर्टाने तो रद्द ठरवला, कारण तो केंद्राच्या १९६० च्या कायद्याशी विसंगत होता आणि त्यावर राष्ट्रपतींची संमती घेतलेली नव्हती. याच राज्याने २०१७ मध्ये याच विषयावर पुन्हा कायदा केला, या वेळी राष्ट्रपतींची संमती घेऊन. तो टिकला. शहाण्याने या दोन कायद्यांतला फरक नीट बघावा, कारण सगळं गणित तिथेच आहे.

घटनेचं कलम २५४ काय म्हणतं ते साध्या भाषेत सांगतो. समवर्ती यादीतल्या विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेद देत असतील, तर केंद्राचा चालतो आणि राज्याचा जेवढा विसंगत तेवढा गळतो. हा झाला नियम. दुसरं उपकलम अपवादाचं: राज्याने विधेयक मंजूर करून राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलं आणि त्याला संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ. त्यालाही पुढे एक शेपूट आहे. संसद वाटेल तेव्हा नवा कायदा करून राज्याचा हा कायदा बदलू शकते, रद्दही करू शकते. आज मैदानात पळणारी प्रत्येक गाडी या शेपटाला बांधलेली आहे, पण मैदानात ते कोणी बोलत नाही.

'राष्ट्रपतींची संमती' या शब्दांनी लोक फसतात. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात. राज्याचं विधेयक राज्यपालांकडून दिल्लीत गृह मंत्रालयात जातं, तिथून ते संबंधित मंत्रालयांच्या अभिप्रायासाठी फिरतं. म्हणजे राज्याला केंद्राच्या कायद्यापासून सुटका हवी असेल, तर ती केंद्र सरकारकडेच मागायची. ज्याच्या बांधावरून भांडण, त्याच्याच सहीने मोजणी.

म्हणूनच बैलाच्या प्रकरणाला मी केंद्र-राज्य भांडण म्हणत नाही. केंद्राने स्वतः ७ जानेवारी २०१६ ला नवी अधिसूचना काढून शर्यतींना अटींसह सूट द्यायचा प्रयत्न केला होता. पाच दिवसांत सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. नुसत्या अधिसूचनेने कोर्टाचा निकाल ओलांडता येत नाही हे कळल्यावर कायदाच बदलणं भाग होतं, आणि दिल्लीने तो स्वतः संसदेत न बदलता राज्यांना बदलू दिला. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोक बसले, तमिळनाडूचा अध्यादेश निघाला, कायदा झाला. आपल्या विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये दुरुस्ती विधेयक मंजूर केलं आणि पावसाळा संपायच्या आत संमती येऊन पोहोचली. दिल्लीला जे थेट करता येत नव्हतं ते तिने राज्यांच्या हातून करून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर फायलींचा वेग बघा.

वेगाचं म्हणाल तर बैलाचीच दुसरी फाईल बघा. बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९५ मध्ये मंजूर केली होती. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. वीस वर्षं! तोच प्राणी, तेच राज्य, तेच राष्ट्रपती भवन. एका फाईलला वीस वर्षं आणि दुसरीला एक पावसाळा. १९९५ आणि २०१५ मध्ये, २०१७ मध्ये मुंबई-दिल्लीत कोणाची सरकारं होती हे ज्याने त्याने आठवून पाहावं, मला वेगळं सांगायला नको. उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर महिलांवरील अत्याचारांसाठीचं 'शक्ती' विधेयक घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, दिल्लीला गेलं, संमती आली नाही.

या संमतीला मुदत असते का? घटनेत नाही. तमिळनाडूच्या राज्यपालांच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या होत्या. त्यावर राष्ट्रपतींनी कोर्टाचं मत मागवलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की राज्यपाल किंवा राष्ट्रपतींना कोर्ट असं वेळापत्रक लावू शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असं मानताही येत नाही. राज्यपालांनी कारण न देता फारच काळ काही केलंच नाही, तर मर्यादित हस्तक्षेप करता येईल एवढी फट ठेवली. म्हणजे विधेयक पाठवायचं आणि वाट बघायची.

आणखी एक बारकी गोष्ट, जी विधेयकाचा मसुदा करणारेही कधीकधी विसरतात. संमती मोघम घेऊन चालत नाही. मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या एका वादात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलं की राज्याचा कायदा नेमक्या कोणत्या केंद्रीय कायद्याच्या आड येतो हे राष्ट्रपतींपुढे ठेवलेलं असलं पाहिजे. ज्याचा उल्लेखच केला नाही त्याच्यापुरतं संरक्षण मिळत नाही. पत्रात एका कायद्याचं नाव राहिलं की पुढे वीस वर्षांनी कोणीतरी वकील ते बरोबर शोधून काढतो. आमचा धंदाच तो आहे.

आता थोडं मैदानातलं. बंदीच्या काळात कवठेमहांकाळकडचा एक पक्षकार माझ्याकडे आला. पहाटे माळावर चोरून गाड्या सोडल्या होत्या, पोलीस आले, माणसं पळाली, बैल सापडले. पंचनाम्यात लिहिलेलं मला अजून आठवतं: 'एक खिल्लार जातीचा खोंड, रंग कोसा, शिंगे मागे वळलेली, अंदाजे वय चार वर्षे, किंमत अंदाजे' आणि पुढे जो आकडा होता तो वाचून पक्षकार रडायचा थांबून हसला, कारण त्या खोंडाला आदल्या महिन्यात त्याच्या दसपट मागणी आली होती. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांच्या गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून बैल पांजरपोळात गेला, रोजच्या चाऱ्याचा खर्च लागला, आणि बैल ताब्यात मिळावा या अर्जावर तारखा पडत राहिल्या. बैल परत आला तेव्हा तो पळायचा विसरला होता, असं मालक म्हणायचा. विसरला असेल किंवा नसेल, पण मालकाने तो नंतर शेतकामाला लावला.

ज्या राज्य कायद्याने शर्यती सोडवल्या, त्यात मात्र बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. 'सूट मिळाली' असं म्हणत नाचणाऱ्यांना मी हे आकडे मुद्दाम दाखवतो. नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, धावपट्टी हजार मीटरच्या आत. चाबूक, काठी, खिळे, बॅटरीचा झटका, सगळ्याला मनाई. पहिल्यांदा परवानगीचा अर्ज लिहिला तेव्हा समितीचे अध्यक्ष विचारत होते, "साहेब, काठी नाही तर गाडी पळायची कशी?" मी म्हटलं, ते मला विचारू नका, बैलाला विचारा. हसले सगळे, पण उत्तर कोणाजवळ नव्हतं. आजही मोठ्या मैदानात फायनलच्या वेळी कोणाच्या हातात काय असतं हे पंचांना दिसत नाही असं नाही.

कायदा २०१७ चा, पण गाड्या लगेच सुटल्या नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळं प्रकरण घटनापीठाकडे गेलं. तिकडे कर्नाटकाचा कायदा चालू झाला. त्यामुळे आमच्याकडे अजब दृश्य दिसायचं. मिरजेहून कागवाडच्या पलीकडे गेलं की तीच जोडी कायदेशीर, अलीकडे आली की गुन्हा. राज्यापुरता कायदा म्हणजे काय, हे सीमेवरच्या गाडीवानाला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा चांगलं कळतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यात झरे इथे बंदी मोडून शर्यत भरवण्याची घोषणा झाली, संचारबंदी लागली, आणि पोलिसांना चकवून पहाटे दुसरीकडे गाड्या पळाल्या. शेवटी इतर राज्यांत चालू आणि फक्त आमच्याकडे बंद का, हा मुद्दा घेऊन राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र, तिन्ही दुरुस्त्या वैध ठरवल्या. कोर्टाचं म्हणणं असं की नव्या कायद्याने आणि नियमांनी खेळाचं रूप बदललं आहे, त्रास कमी केला आहे, आणि राष्ट्रपतींची संमती असल्याने केंद्राच्या कायद्याशी विसंगतीचा प्रश्न उरत नाही. जाता जाता नियम पाळले जातात का याची जबाबदारी कोर्टाने थेट जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण लोक कायदा आणि शासन निर्णय यांची सरमिसळ करतात. ऊसवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरते आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत द्यावी लागते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये जीआर काढून ती दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जीआर रद्द केला. केंद्राच्या आदेशाला राज्याच्या जीआरने वळसा घालता येत नाही. त्यामुळे "नागपंचमीसाठी एक जीआर काढा" अशी निवेदनं घेऊन मंत्र्यांच्या गाडीमागे धावणाऱ्यांना माझं सांगणं आहे, पेट्रोल वाचवा.

आता नागाकडे येऊ. वन्यजीव हा विषय घटना लागू झाली तेव्हा राज्यांच्या यादीत होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संसदेने केला तो काही राज्यांच्या विधिमंडळांनी 'तुम्हीच करा' असा ठराव केल्यावर, कलम २५२ खाली. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्य प्राणी आणि पक्षी हा विषय उचलून समवर्ती यादीत ठेवला. शिक्षण, जंगलं, वजनमापंही त्याच फेरीत गेली. आणीबाणीचे दिवस होते, कोण विचारणार? राज्याच्या अधिकारांवर आज मोठमोठी भाषणं होतात, त्यात या पानाचा उल्लेख क्वचितच असतो.

विषय समवर्ती, तेव्हा कागदावर बैलाची वाट नागालाही मोकळी आहे. केरळच्या विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये माणसांवर हल्ला करणाऱ्या वन्य प्राण्यांबाबत वन्यजीव कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलंच आहे. तिकडे रानडुक्कर, आमच्याकडे उसातला बिबट्या. त्या विधेयकाचं दिल्लीत काय होतं यावर आपल्या लोकांनी लक्ष ठेवावं. एक तांत्रिक अडचण अशी की कलम २५२ खाली झालेला कायदा राज्याने बदलू नये असं तेच कलम सांगतं. विषय समवर्ती झाल्यावर ही आडकाठी उरते का? माझ्या मते उरू नये, पण विरोधी वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढणार याची खात्री बाळगा. मी त्या बाजूला असतो तर मीही काढला असता.

खरी अडचण पुढे आहे. १९६० च्या कायद्यात 'अनावश्यक' त्रास हा गुन्हा आहे. म्हणून नियम करून त्रास कमी केला, असा युक्तिवाद राज्याला करता आला. बैल पाळीव, शर्यतीनंतर तो गोठ्यातच जातो, पेंड खातो. वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की प्राणी पकडणं म्हणजेसुद्धा शिकार. नाग अलगद पकडला, मडक्यात जपून ठेवला, दूध न पाजता पूजा केली आणि पुन्हा रानात नेऊन सोडला, तरी पकडण्याचा गुन्हा पुरा झालेलाच असतो. २०२२ च्या दुरुस्तीने तर नाग या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेला: किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं शिक्षा आणि जामीनही अवघड. शर्यतीच्या पन्नास रुपयांशी याची तुलना करा. नागपंचमीसाठी राज्याला दुरुस्ती करायची तर 'शिकार' या व्याख्येलाच भोक पाडावं लागेल, आणि त्या भोकातून फक्त शिराळकर जातील, गारुडी आणि विषाचा व्यापार करणारे जाणार नाहीत, अशी शब्दरचना करून दाखवावी लागेल. मी दोनदा कागदावर प्रयत्न केला. जमलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: केंद्र अजून आडवं आलेलं नाही, कारण राज्याने त्याच्या दारात असं विधेयक नेलेलंच नाही. आणि राज्य नेत नाही याचं कारण नुसती अनास्था नाही. बैलामागे पश्चिम महाराष्ट्रातले चार-पाच जिल्हे आणि तिथले सगळ्या पक्षांचे आमदार होते, नागामागे एक तालुका आहे. राजकारणात हा फरक कुठल्याही कलमापेक्षा मोठा.

मात्र याच कायद्यात एक छोटं दार आहे. बाराव्या कलमाखाली शिक्षण, शास्त्रीय संशोधन अशा कारणांसाठी प्राणी पकडायला परवानगी देता येते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्राची पूर्वसंमती लागते. २०२५ च्या नागपंचमीला शिराळ्यासाठी याच वाटेने मर्यादित परवानगी आली. पूजा, मिरवणूक, खेळ यांसाठी नव्हे, नागाविषयीचं पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी. काही जण नाराज झाले की ही कसली नागपंचमी. माझ्या मते २००२ पासून कोर्टात चाललेल्या वादात, आणि २०१४ नंतर काटेकोर झालेल्या बंदीत, हातात पडलेली ही पहिली कायदेशीर गोष्ट होती, आणि तीसुद्धा नवा कायदा न करता.

तेव्हा मोर्चाऐवजी अर्जावर वेळ घालवा. अर्जात 'परंपरा' आणि 'श्रद्धा' कमी लिहा, काय शिकवणार, कोणाला, नाग किती तास ताब्यात राहील, हाताळणारा कोण, पशुवैद्यक कोण, कुठे सोडणार हे जास्त लिहा. प्रत्येक नागाची नोंद कशी ठेवणार याचा कोरा तक्ता सोबत जोडा. अर्ज सांगलीच्या वन विभागातून नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि तिथून दिल्लीला. नागपंचमी श्रावणात, आणि बहुतेक मंडळी आषाढी एकादशी झाल्यावर माझ्याकडे येतात. संक्रांतीला या.